‘तातडीने रक्त हवंय’ असा मेसेज आला, तर मदत कशी करायची?

‘बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय, प्लीज फॉरवर्ड करा.’ असा मेसेज ग्रुपवर आला की अनेकजण तो लगेच पुढे पाठवतात. पण त्यावर तारीख असते का?

नसेल, तर तो जुनाही असू शकतो. गरज संपलेली असते, नातेवाइकांचा फोन मात्र वाजत राहतो. २०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि प्लाझ्मासाठी असंख्य नंबर व्हायरल झाले. त्यातले काही बंद होते, काही भामट्यांचे. मदतीसाठी नंबर दिलेल्या काही महिलांना अश्लील मेसेजही आले.

मग काय करायचं?

आधी रुग्णालयाचं नाव पाहा. तिथला अधिकृत नंबर स्वतः शोधा आणि फोन करून खात्री करा.

कोणत्या रक्तपेढीत किती साठा आहे, हे ‘ई-रक्तकोष’ या सरकारी पोर्टलवर कळतं. ती माहिती गरजूंना पाठवा.

स्वतः रक्त देणार असाल, तर थेट रक्तपेढीत जा. आपला नंबर ग्रुपवर टाकू नका.

भारतात रक्त विकणं बेकायदेशीर आहे. रक्तपेढी फक्त प्रक्रिया शुल्क घेते. त्यामुळे ‘डोनर पाठवतो, आधी प्रवासखर्च पाठवा’ असं कुणी म्हटलं, तर पैसे देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि रक्त मिळालं की ‘गरज पूर्ण झाली’ हा मेसेजही त्याच ग्रुपवर टाका.