शिरेतून दिले जाणारे विषाणूरोधक औषध : रुग्ण व नातेवाइकांनी घ्यावयाची दक्षता

एप्रिल २०२१ मधील दिवस पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील नागरिकांच्या आजही स्मरणात आहेत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविर या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्रंदिवस वणवण करीत होते. त्या महिन्याच्या ११ तारखेस केंद्र सरकारने या औषधाच्या निर्यातीवर बंदी घातली. अशाच एका रात्री एक गृहस्थ रुमालात गुंडाळलेली बाटली घेऊन माझ्या टेबलापाशी आले. पावती नव्हती, बाटलीवरील बॅच नंबर पुसट झालेला होता. "साहेब, कसंही करा, पण हे आत्ता लावा," एवढेच ते म्हणत होते. डॉक्टरांनी ती बाटली वापरण्यास नकार दिला तेव्हा ते फार संतापले. पुढे, रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉलचे द्रावण भरून ते रेमडेसिविर म्हणून विकणारी टोळी बारामती येथे पकडली गेल्याचे वृत्त आले आणि त्या नकाराचे मोल आम्हा सर्वांस उमगले.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून औषधाचा हिशेब ठेवणारा आहे, औषध देणारा नव्हे. तथापि बाटली मिळाली म्हणजे उपचार मिळाला असे नव्हे, हे त्या काळाने शिकविले. एका मोठ्या चाचणीत रेमडेसिविरमुळे रुग्ण बरे होण्याचा काळ १५ दिवसांवरून १० दिवसांवर आला. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय चाचणीत कृत्रिम श्वसनयंत्रावर गेलेल्या रुग्णांस त्याचा लाभ दिसला नाही. म्हणजेच योग्य रुग्ण, योग्य वेळ आणि योग्य पद्धत या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच औषध उपयोगी पडते.

कोरोनाची ती लाट ओसरली, तरी शिरेतून द्यावयाच्या विषाणूरोधक औषधांची गरज संपलेली नाही. हर्पीस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर ॲसायक्लोव्हीर हे औषध प्राणरक्षक ठरते. उपचार न झाल्यास या आजारात १०० पैकी सुमारे ७० रुग्ण दगावतात. ताप, वागण्याबोलण्यातील अचानक बदल, असंबद्ध बडबड किंवा आकडी ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी "बाहेरची बाधा" समजून एक-दोन दिवस वाया घालविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

या औषधाच्या बाबतीत पुढील गोष्टी नातेवाइकांनी आवर्जून ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट पूर्वमाहितीची. रुग्णास मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह वा कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्यास, तसेच स्त्री रुग्ण गरोदर असल्यास डॉक्टरांना प्रथम सांगावे. कारखान्यात पाळी करणारे आमचे अनेक बांधव अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेतात. काही वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो आणि ॲसायक्लोव्हीर शरीराबाहेर जाते ते प्रामुख्याने मूत्रपिंडावाटेच. म्हणून गोळीचे नाव ठाऊक नसल्यास रिकामे पाकीट तरी आणून दाखवावे. डोस ठरविण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनीन तपासले जाते ते याचसाठी.

दुसरी गोष्ट वेगाची. ॲसायक्लोव्हीरचा एक डोस किमान एक तास सावकाश सोडावा लागतो. तो घाईने शिरेत गेला, तर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत औषधाचे स्फटिक साचू शकतात. शेवटची गाडी किंवा एस.टी. गाठण्यासाठी सलाईनचे चाक स्वतः फिरविणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, परंतु कृपया त्या चाकास हात लावू नये. सातपाटीच्या बंदरावर वा भातखाचरात उन्हात राबून आलेल्या रुग्णाच्या शरीरात आधीच पाणी कमी असते. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे पाणी द्यावे व लघवी कमी झाल्यास लगेच कळवावे.

तिसरी गोष्ट देखरेखीची. सुई टोचलेल्या जागी जळजळ, लाली वा सूज दिसताच परिचारिकेस बोलवावे. हे औषध शिरेबाहेर पाझरल्यास त्वचेस इजा होते. अंगावर पुरळ, धाप, रुग्णाचा वाढता गोंधळ या बाबी सकाळच्या फेरीपर्यंत राखून ठेवू नयेत. रेमडेसिविरच्या बाबतीत यकृताची तपासणी आधी करतात आणि डोस संपल्यावरही किमान एक तास रुग्णावर लक्ष ठेवतात.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे धीर. मेंदूज्वरात ॲसायक्लोव्हीर दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस द्यावे लागते. म्हणजे किमान ४२ डोस झाले. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, रुग्ण घरच्यांना ओळखू लागतो आणि मग घरी नेण्याची घाई सुरू होते. रोजंदारी बुडत असते, घरी लहान मुले असतात, ती अडचण आम्हांस समजते. परंतु उपचार अर्धवट सोडल्यास आजार उलटू शकतो आणि मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. उरलेले डोस गोळ्यांच्या रूपाने घरी घेऊ, हाही पर्याय येथे चालत नाही, कारण गोळीतून मेंदूपर्यंत पुरेसे औषध पोहोचत नाही.

रुग्णालयाकडूनही काही शिस्त अपेक्षित आहे. औषध पावतीसह खरेदी करणे, बॅच नंबर नोंदविणे, बाटलीवर रुग्णाचे नाव लिहिणे आणि रिकामी बाटली नष्ट करणे. बारामतीच्या प्रकरणात रिकाम्या बाटल्यांचाच दुरुपयोग झाला, हे विसरून चालणार नाही. यांतील कोणत्याही बाबीची विचारणा नातेवाइकांनी निःसंकोचपणे करावी. तो त्यांचा अधिकार आहे.

देणगीदारांस एक नम्र निवेदन. आपल्या देणगीतून औषध येते, हे सर्वांना दिसते. परंतु एखाद्या मजुराच्या मुलास चौदाव्या दिवसापर्यंत खाटेवर राहता यावे, त्याच्या आईस दोन वेळचे जेवण मिळावे, ही तरतूदही त्याच उपचाराचा भाग होय. ताळेबंदात ती "इतर खर्च" या सदरात दिसते. प्रत्यक्षात बेचाळिसावा डोस तिच्यामुळेच पूर्ण होतो.