कॉटन ग्रीनचा दमटपणा आणि पालीची कात

हवेतील ओलाव्याची रुपये-आण्यांत मोजदाद मुंबईच्या ज्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षे झाली, तो हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन होय. १८४४ मध्ये किल्ल्यातून कुलाब्याला गेलेला कापसाचा बाजार विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीच्या बाजूस हलला, आणि त्याच्या मागोमाग गासड्यांची गोदामे, दलालांच्या पेढ्या व वजनकाट्यावरचे तंटेही इकडे वस्तीस आले. कापूस हा हवेतील पाणी शोषून घेणारा जिन्नस असल्यामुळे शंभर किलो निर्जल कापसामागे साडेआठ किलो पाणी व्यवहारात ग्राह्य धरण्याचा दंडकच पडलेला आहे. हवा कोरडी पडली की सूत तुटते, म्हणून लालबाग-परळच्या गिरण्यांत कताईखात्याला बाष्प पुरवण्याची खास तजवीज असे. आणि माटुंग्यास १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कापूस प्रयोगशाळेत तंतूंचे बळ मोजण्यापूर्वी हवेची आर्द्रता ठरावीक मर्यादेत आणणे हे पहिले कर्तव्य मानले जाई. ओलाव्याचा इतका बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या ह्या वस्तीच्या शेजारी पाळीव पालीच्या कातीचा विषय काढणे मला मुळीच विसंगत वाटत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. हल्ली हौसेने पाळल्या जाणाऱ्या पालींत दोन जाती मुख्य आहेत. पहिली लेपर्ड गेको, जिचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतील नमुन्यावरून केले. हिला हलत्या पापण्या असतात आणि तळव्याला चिकटण्याची सोय नसते. दुसरी क्रेस्टेड गेको, न्यू कॅलेडोनिया बेटावरील झाडांवर राहणारी, जी नामशेष झाली असे समजले जात असता १९९४ मध्ये पुन्हा सापडली. लेपर्ड गेकोची एक सख्खी बहीण आपल्या महाराष्ट्राच्या रानात नांदते. तिला विनाकारण विषारी ठरवून ठेचतात, आणि अलीकडे शौकापायी पकडूनही आणतात. दोन्ही कृत्ये सारखीच निंद्य आहेत, एवढे सांगून पुढे जातो.

पाली पाळण्याविषयीची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली, जिथे हिवाळ्यात घरे तापवल्यामुळे आतील हवा शुष्क होते. साहजिकच त्यांतील प्रत्येक पानावर पाणी शिंपडण्याचा उपदेश आढळतो. तोच उपदेश जुलै महिन्यात शिवडीच्या खाडीलगत अमलात आणणे म्हणजे भिजलेल्याला आंघोळ घालणे. लेपर्ड गेकोला साधारण तीस ते चाळीस टक्के आर्द्रतेची हवा मानवते, आणि इथे पावसाळ्यात ती ऐंशीच्या खाली उतरायला तयार नसते. अशा हवेत कातीपेक्षा कातडीवरच्या बुरशीची व छातीच्या विकाराची धास्ती अधिक. म्हणून मुंबईकराने ओलावा निर्माण करण्याऐवजी कोरडेपणाचा बंदोबस्त आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

ह्या बंदोबस्तास निसर्गाचाच एक नियम साहाय्यभूत होतो. हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची शक्ती वाढते. म्हणून २७ अंशांवरची ८५ टक्के आर्द्रतेची हवा, तीत थेंबभरही पाणी कमी-अधिक न करता, ३२ अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर येते. पेटीच्या एका टोकाला नियंत्रकासह ऊब देणारी गादी, वर जाळीचे झाकण, तळाशी वाळूऐवजी रोज बदलता येणारा टिपकागद, आणि पाण्याची वाटी लहान व थंड टोकाला, एवढ्याने पाऊस कोसळत असतानाही पालीला कोरडा कोपरा लाभतो. उलट, पौष-माघात उत्तरेचे वारे सुटले, किंवा ज्या खोलीत वातानुकूलन यंत्र अहोरात्र चालते तिथे, हवा इतकी रुक्ष होते की कात अंगावरच वाळते. दोन आर्द्रतामापक, एक उबेच्या बाजूला व एक थंड बाजूला, ठेवल्यावाचून ह्यातले काहीच समजत नाही; नुसत्या हाताला जाणवणाऱ्या दमटपणावर विसंबणे व्यर्थ.

काळाचौकीच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या परिचयाचा एक तरुण लेपर्ड गेको पाळतो. त्याच्या पेटीत मध्यभागी अर्ध्या किलोच्या श्रीखंडाचा धुतलेला डबा असून त्याला बाजूने गोल भोक पाडले आहे व आत ऑर्किडवाल्यांकडून आणलेले शेवाळ ओले करून पिळून घातले आहे. हीच ती कातीची खोली. बाहेर सर्वत्र कोरडे आणि डब्यात सत्तर-ऐंशी टक्के ओल, अशी व्यवस्था असली की केव्हा आत शिरावे हे पाल स्वतः ठरवते. “काका, जुलैत ह्यात पाणी घालायची गरजच पडत नाही, पण शेवाळ दर तीन-चार दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर वास मारतं,” असे तो मला समजावत होता, तोच आतून त्याच्या आईचा आवाज आला, “आणि डबा हवा म्हणून श्रीखंड आम्ही खायचं!” त्या माउलीच्या तक्रारीत तथ्य होते, परंतु चेहऱ्यावर राग नव्हता.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. पिल्ले आठवड्या-पंधरवड्याने आणि प्रौढ पाली साधारण महिन्याने कात टाकतात. जुन्या त्वचेखाली नवी त्वचा पूर्णपणे तयार झाल्यावाचून जुनी सुटत नाही. पॉल मॅडर्सन ह्या संशोधकाने १९६० नंतरच्या काळात ह्या दुहेरी रचनेचा जो सूक्ष्म अभ्यास केला, तो वाचताना मी जेवणाची वेळ विसरलो आहे. दोन थरांचा सांधा सुटू लागला की पाल राखाडी-पांढुरकी दिसते, मग तोंडाने कात ओढून काढते आणि बहुधा खाऊन टाकते. ह्यातला खरा चमत्कार बोटांखाली घडतो. क्रेस्टेड गेकोच्या, तसेच आपल्या भिंतीवरच्या पालीच्या, तळव्यावर सूक्ष्म रोमांची दाटी असते. टोके ह्या मोठ्या पालीच्या एकेका पायावर असे सुमारे पाच लाख रोम मोजले गेले आहेत, आणि प्रत्येक रोमाला पुढे शेकडो फाटे. ही पकड चिकट द्रवाने नव्हे तर रेणूरेणूंमधील आकर्षणाने लागते, हे केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ च्या सुमारास दाखवून दिले. नवे रोम जुन्या कातीच्या आतल्या थरातच आकार घेतात आणि कात सरताच साच्यातून निघालेल्या मोदकाप्रमाणे सुबक बाहेर येतात. झिजलेल्या रोमांची भरपाई मात्र पुढच्या कातीपर्यंत होत नाही. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता काय फल मिळते ह्याचे कोष्टक आपल्या पंचांगांत पल्लीपतन ह्या सदराखाली मोठ्या इमानाने छापले जाते. पण पडणारीची कात त्या वेळी किती दिवसांची होती, ह्याची विचारपूस एकाही पंचांगकर्त्याने केलेली माझ्या वाचनात नाही!

परंतु बोटे हीच ह्या शरीराची सर्वांत नाजूक जागा. हवा शुष्क असली, किंवा आहारात अ जीवनसत्त्वाची उणीव असली, की कातीचे अरुंद कडे बोटाभोवती राहून जाते; ते वाळता-वाळता आवळते, रक्तप्रवाह अडतो, बोट काळे पडते व गळून जाते. तुटलेले शेपूट लेपर्ड गेकोला पुन्हा येते, बोट येत नाही. म्हणून कात संपल्यावर भिंगाने वीसही बोटे तपासावीत, शेपटीचे टोक व लेपर्ड गेकोच्या पापण्यांची आतली कड पाहावी. काही अडकले असल्यास भोके पाडलेल्या डब्यात, पालीच्या पोटाला जेमतेम लागेल इतक्याच कोमट पाण्यात, तिला पंधरा-वीस मिनिटे ठेवावे आणि मग ओल्या कापसाच्या काडीने कड्याची धार बोटाच्या टोकाकडे हलकेच सरकवावी. चिमट्याने ओढणे हा सरळ अत्याचार आहे. दोन दिवस असे करूनही कडे सुटले नाही, बोट सुजले, अथवा डोळ्यात काही शिल्लक वाटले, तर घरगुती खटपट बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याकडे जावे. असा वैद्य कुठे बसतो ह्याची चौकशी पाल घरी आणण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण पापणीखाली राहिलेली कात रविवार पाहत नाही.