रक्तदाबाची मुळी आणि मनाची मरगळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पडेगावातील माझ्या दवाखान्यात साठीचे एक गृहस्थ पत्नीसह आले. रक्तदाबाचे माझे जुने रुग्ण. "डॉक्टरसाहेब, महिना झाला, ह्यांचं कशातच मन लागंना. जेवण नको, बोलणं नको," बाई सांगत होत्या. गर्दीच्या वेळी मी ‘वयोमान’ म्हणून टॉनिक लिहून दिले.

आठवड्याने ते परत आले. नाक चोंदलेले, डोळ्यांवर झापड. या वेळी नाडी मोजली, तर मिनिटाला अवघी ४८! खोदून विचारल्यावर पिशवीतून एक पुडी निघाली. सर्पगंधेच्या मुळीची पूड. रस्त्याकडेच्या जडीबुटीवाल्याकडून घेतलेली, माझ्या अटेनोलॉलच्या गोळीबरोबर रोज दोन वेळा. "झाडपाला आहे, त्यानं काय होतंय?" असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, ही मुळी खोटी नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पीन हे ‘इंडोल’ कुळातले. सहा कार्बन अणूंचे एक कडे आणि त्याला जोडलेले पाच अणूंचे दुसरे कडे, ज्यात एक नायट्रोजन, हा इंडोलचा सांगाडा. हे नाव इंडिगोवरून, म्हणजे निळीवरून पडले. १८६६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी निळीपासून मिळणाऱ्या पदार्थातून ते तयार केले. दूध, डाळी, शेंगदाणे यांतील ट्रिप्टोफॅनही याच कुळातले. त्यापासून शरीर सिरोटोनिन बनवते आणि सिरोटोनिनपासून रात्री झोपेशी संबंधित मेलॅटोनिन.

गंमत अशी की, एक इंडोल दुसऱ्या इंडोलच्या मुळावर उठते. चेतापेशींत सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या जणू कणग्या असतात. रिसर्पीन त्या भरू देत नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन कमी पडले की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. तेच मेंदूत घडले की सुस्ती येते, काहींना उदासी घेरते. ती किती जणांना येते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण नैराश्याच्या रुग्णाला हे औषध देऊ नये, असा इशारा आहे.

मात्रेचेही पाहा. रिसर्पीनची रोजची मात्रा साधारण ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. चमचाभर पुडीत ते किती, कोण सांगणार? शिवाय अटेनोलॉलही नाडी मंदावणारेच. दोघांची जोडी जमली आणि प्रकरण हाताबाहेर चालले होते.

पूड थांबवली, गोळीची मात्रा जुळवून घेतली. कणग्या पुन्हा भरायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी गृहस्थ आपल्या पायांनी आले आणि आल्या आल्या पाऊसपाण्याचे बोलू लागले.

तेव्हा दवाखान्यात येताना घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, पुडी बरोबर आणा. लाजू नका. सर्पगंधा जाणकाराच्या देखरेखीशिवाय घेऊ नका आणि रक्तदाबाची चालू गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. आम्ही डॉक्टरांनीही टॉनिक लिहिण्याआधी नाडी धरावी. हा धडा मला त्या पुडीने दिला.