शहरातील प्राचीन अवशेष : सहलीची पूर्वतयारी

शैक्षणिक सहलीत मुलांनी काय पाहिले, यापेक्षा पाहिलेल्या वस्तूवरून त्यांनी काय ताडले, याचे मोल अधिक आहे. त्यासाठी फार दूरचा प्रवास करावयास हवा असे नाही.

रोम नगरातील विद्यार्थ्यास प्राचीन इतिहास पाहण्यासाठी गावाबाहेर जावे लागत नाही. इ. स. ८० मध्ये पूर्ण झालेले कोलोसियम हे भव्य क्रीडागृह तेथे आजच्या वाहत्या रस्त्यालगत उभे आहे. चऱ्होली परिसरातील मुलांस असाच अनुभव पुण्यात, जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्यात घेता येतो. हे शैव लेणे राष्ट्रकूट काळातील, सुमारे आठव्या शतकातील आहे.

घर बांधताना दगडावर दगड चढविला जातो. लेणे खोदताना नको तेवढा दगड काढून टाकला जातो. गवंड्यास चुकलेला दगड बदलता येतो. लेणे खोदणाऱ्यास मात्र तुटलेला खांब पुन्हा जोडता येत नाही. हा भेद शिक्षकांनी सहलीपूर्वी वर्गात खडूच्या अथवा साबणाच्या तुकड्यावर कोरकाम करवून समजावून द्यावा. मग अंगणातील वर्तुळाकार नंदीमंडप पाहताना, तो कोठून आणून ठेवलेला नसून आजूबाजूच्या कातळातच कोरलेला आहे, हे मुले आपण होऊन ओळखतील. वेरूळचे कैलास लेणेही याच पद्धतीने कोरलेले आहे.

पाताळेश्वराचे काम अपुरे राहिले आहे. हे वैगुण्य समजू नये. घडविलेला भाग व अर्धवट सोडलेला भाग शेजारी ताडून पाहिल्यास कारागिरांच्या कामाचा क्रम मुलांच्या ध्यानी येतो.

यापुढील मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आज हे लेणे ज्या शिवाजीनगर भागात आहे, तेथे पूर्वी भांबुर्डे नावाचे खेडे होते. शहर वाढले, खेडे त्यात सामावले. लेणे कातळाचे म्हणून टिकले. चऱ्होली बुद्रुक हे गावही १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून तेथे नवी वस्ती झपाट्याने उभी राहत आहे. गावातील प्रत्येक जुनी वस्तू कातळात कोरलेली नसते. पार, वीरगळ, जुनी विहीर यांची कोणी नोंदच केली नाही, तर एखाद्या बांधकामात ती नाहीशी झाल्याचे कोणास कळणारही नाही.

म्हणून सहलीनंतर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुन्या वस्तूंची वही करावी. वस्तू, जागा, माप, रेखाचित्र व वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती अशी पाच सदरे पुरेत. चऱ्होलीच्या मुलांनी वाघेश्वराच्या मंदिरापासून आरंभ करावा. ऐकीव माहिती ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावी. भिंतीवर नाव कोरू नये, शेंदूर खरवडू नये, दगड हलवू नये, ही शिस्त प्रथम सांगावी.

अशी वही शाळेच्या दप्तरी राहिली, तर पुढील पिढीस आपले गाव पूर्वी कसे होते हे विचारण्याचे एक ठिकाण उरेल.