टाकी टिकते, पत्रा सुटतो

कोरेगाव-सातारा रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी वडापची गाडी अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि पुढचा अर्धा मीटर चेपून जागीच थांबली, असे समजू. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे शाळेतले सूत्र लावले की उत्तर येते: गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर. मागच्या सीटमागचा भरलेला सीएनजी सिलिंडर 70 किलोचा धरला, तर त्या निमिषात तो 1400 किलोंच्या जोराने माणसांच्या पाठीकडे झेपावतो. सिलिंडर स्वतः भक्कम असतो. 200 बार दाब तो रोज पेलतो. पण त्याला धरून ठेवणारे पट्टे, बोल्ट आणि खालचा पत्रा? इंधन सुरक्षित आहे की नाही हे आपण भांड्याच्या जाडीवरून ठरवतो. माझ्या मते ते बांधणीवरून ठरवायला हवे, आणि याचा सर्वांत सज्जड पुरावा जुन्या रेस गाड्यांच्या इतिहासात सापडतो.

1960च्या दशकातल्या कित्येक रेस गाड्यांत पेट्रोल चालकाच्या दोन्ही कुशींना असे. 30 मे 1964 रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली, तिच्यावर एडी सॅक्सची गाडी धडकली आणि दोघेही गेले. त्यानंतर टाकीत लवचीक थैली घालण्याचा आग्रह वाढला. फॉर्म्युला वनमध्ये 1970 साली ती सक्तीची झाली. या टाकीला रेसवाले ‘फ्युएल सेल’ म्हणतात. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. बाहेर धातूची पेटी, आत चिवट धाग्यांवर रबर चढवलेली थैली आणि थैलीत स्पंजासारखा सच्छिद्र फोम, अशी तिची रचना. पेटी चेपली तरी थैली फाटण्याऐवजी दुमडते. फोममुळे पेट्रोल हिंदकळत नाही आणि ज्वाळेला झटकन पसरायला मोकळी जागा मिळत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने हेलिकॉप्टरांसाठी याच विचाराने टाक्या बनवल्या. आज जुन्या रेस गाड्या पुन्हा ट्रॅकवर उतरवणारेही मूळ टाकी काढून अशी पेटी बसवतात.

एवढी चांगली टाकी असूनही आग लागते, आणि ती कशी लागते हे 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनमध्ये जगाने पाहिले. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत चालक रोमां ग्रोजां याची गाडी कठड्यावर आदळली, धक्का 67 जी, म्हणजे वजनाच्या 67 पट, इतका होता, गाडीचे दोन तुकडे झाले आणि तो सुमारे 27 सेकंदांनी आगीतून बाहेर आला. जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाच्या चौकशीत इंधन बाहेर पडण्याच्या दोन मुख्य वाटा निघाल्या: टाकीच्या तपासणीसाठी ठेवलेले झाकण निखळले होते आणि इंजिनाकडे जाणारी नळी थैलीपासून उपटली गेली होती. इतक्या महागड्या गाडीतही दगा दिला तो सांध्यांनी.

गॅरेजमध्ये टाकी बसवताना सांध्यांची हीच गोष्ट पत्र्याला लागू पडते. 10 मिलिमीटरचा 8.8 प्रतीचा बोल्ट ताणून तोडायला साडेचार टनांहून अधिक ओढ लागते, म्हणून बोल्ट सहसा तुटत नाही. आदळताना टाकी पुढे कलते, मागचे बोल्ट वर ओढले जातात आणि 20 मिलिमीटर व्यासाचा वायसर 0.8 मिलिमीटरच्या पत्र्यातून आरपार निघतो. त्याला टनाच्या आसपास जोर पुरतो. गंजून पत्रा अर्धा झाला असेल तर त्याच्याही निम्मा. जुन्या गाडीत खरा कच्चा दुवा हाच. पत्र्याखाली 8 सेंटिमीटर बाय 5 सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची पट्टी दिली की फाटण्याची रेषा सव्वासहा सेंटिमीटरवरून 26 सेंटिमीटर होते, म्हणजे ताकद चौपट. रेस गाडीच्या सीटबेल्टखाली किमान 40 चौरस सेंटिमीटरची पट्टी मागतात ती याच कारणाने. टाकीच्या बाबतीत तर याहून पुढे जाऊन लोखंडी चौकट थेट चेसीला जोडावी आणि पट्ट्यांनी पेटी त्या चौकटीत आवळावी. टाकीलाच भोके पाडून बोल्ट मारणे कधीही नको.

इथे एक रास्त शंका येते. टाकी चेसीला इतकी घट्ट जखडली, तर चेसी वाकताना टाकीही पिळवटून फुटणार नाही का? फुटू शकते, म्हणून घट्टपणा पेटीपुरता आणि सैलपणा नळ्यांना ठेवायचा. पट्ट्याखाली रबर, नळीला थोडी ढील आणि जोडावर ओढ बसताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, अशी ही विभागणी आहे. जागाही पाहावी लागते. अमेरिकेतल्या फोर्ड पिंटोची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की ती पुढे सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर आदळे. 1978 साली त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसरी शंका जुन्या गाडीच्या अस्सलपणाची: चेसीला नवी भोके पाडली तर ठेवा बिघडतो. तो आक्षेप मला मनापासून पटतो. पण चौकट मूळच्याच भोकांवर बसवता येते, किंवा जुन्या टाकीचे कवच राखून आत मापाची थैली घालता येते.

आता पुन्हा वडापकडे. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तरी उडून जातो, मग भीती कसली, असे म्हटले जाते. सीएनजीतला मिथेन हलका आहे हे खरे, मात्र बंद डिकीत तो साचतो, आणि सुटलेल्या सिलिंडरचे वजन वायूच्या हलकेपणाने कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत छोट्या गाडीचा भरलेला सिलिंडर पुढच्या दिशेने 20 जी आणि आडव्या दिशेने 8 जी सहन करेल अशी बांधणी मागितली आहे. मोठ्या बसला 6.6 आणि 5 जी पुरतात, कारण जड वाहन इतक्या झटक्यात थांबत नाही. म्हणजे सर्वांत कडक अपेक्षा छोट्या गाडीकडून आहे, आणि बाहेरून किट बसवली जाते तीही बहुधा तिच्यातच. खर्चाची सबब इथे टिकत नाही. सिलिंडरच्या किमतीपुढे चार पट्ट्या आणि चार चांगले बोल्ट म्हणजे किरकोळ रक्कम. याच कोरेगाव तालुक्यात सातारारोडला कूपरांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने बनली. पट्टी कापून नीट भोक पाडणारे हात इथे नक्कीच आहेत. खरा धोका दर तीन वर्षांनी येतो. पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी सिलिंडर गाडीतून उतरवतात. चाचणी भांड्याची होते, शिक्का भांड्यावर बसतो आणि सिलिंडर परत चढवताना तेच जुने, पकड गेलेले नायलॉक नट, तेच पातळ वायसर, त्याच रुंदावलेल्या भोकांत पुन्हा आवळले जातात. त्या दिवशी गाडीखाली शिरून पत्रा बोटाने दाबून पाहायला पाच मिनिटे लागतात.