खो देऊन बसणारा माणूस

आपल्या भाषेत काही वाक्प्रचार मोठे लबाड आहेत. वापरणाऱ्याच्या पदरात ते फुकटचे शहाणपण टाकतात आणि ज्याच्यावर वापरले त्याला मात्र मुकाट्याने मान खाली घालायला लावतात. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ हा त्यांतलाच एक. घरचे खायचे, दुसऱ्याचे करायचे आणि वर लोकांचे हसू व्हायचे, असा त्याचा अर्थ. वाक्प्रचार वर्गात शिकवायची वेळ आली, की माझ्यापुढे माझ्या आईचे वडील उभे राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांनी जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. पण घरची भाकरी एकदाही करपू दिली नाही. हे त्यांना कसे साधले, ते सांगण्यासाठीच हा लेख.

अण्णा पुण्याच्या टपालखात्यात कारकून होते. अंगाने काटक, उंचीने बेताचे, आणि चालताना असे वाटे की हा गृहस्थ आता कोणत्याही क्षणी वळून उलट्या दिशेने पळत सुटेल. त्याला कारण होते. तरुणपणी ते खो-खो खेळत. पुढे गुडघा कुरकुरू लागल्यावर पेठेतल्या एका व्यायाममंडळात ते रोज संध्याकाळी पोरांना खो-खो शिकवू लागले, तेही विनामूल्य. शिट्टी स्वतःची, चुन्याची फक्कीही स्वतःच्या खर्चाची.

खो-खो आपण सगळ्यांनीच शाळेत पाहिलेला असतो. पण नीट पाहिलेला असतोच असे नाही. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद असे मैदान. दोन टोकांना दोन खांब आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्यात आठ चौकोन. त्यांत आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारा हवा तसा वळू शकतो. दोन गड्यांच्या मधून नागमोडी जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र ती मोकळीक नाही. एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय त्याला बदलता येत नाही, आणि मधली रेघ तर ओलांडताच येत नाही. मग त्याने करायचे काय? बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा, ‘खो’ म्हणायचे आणि त्याची जागा घेऊन स्वतः बसायचे. उठलेला पुढे धावतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले. नंतर त्यांत पुष्कळ फेरफार झाले, पण खेळाचे हे मर्म जसेच्या तसे राहिले.

नवीन पोर आले, की अण्णा त्याला पहिल्या दिवशी पळायला देतच नसत. बसायला शिकवीत. उकिडवे कसे बसायचे, टाचा किती उचलायच्या, नजर कुठे ठेवायची. पोरे कंटाळत. एखादे धीट पोर विचारी, “अण्णा, पळायचं कधी?” त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले असे : “पळणं तुझ्या आईनं तुला शिकवलंच आहे. खो देऊन लगेच बसायचं, ते मी शिकवतो. खो दिल्यावर जो उभा राहतो, तो दुसऱ्याच्या वाटेत येतो.”

हे वाक्य त्यांनी मैदानापुरते ठेवले नाही, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्याची गुरुकिल्ली यातच आहे.

१२ जुलै १९६१ ची हकीकत आई अजून सांगते. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मामा दोन वर्षांचा. बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एका मातीच्या वाड्यात. त्या दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही. पाणी येत असल्याची ओरड झाली, तेव्हा मंडळातली चारदोन पोरे धावत अण्णांकडे आली. “अण्णा, चला! नदीकाठच्या लोकांना बाहेर काढायचंय.” अण्णांनी मामाला खांद्यावर घेतले, आईचा हात धरला, आपल्या म्हाताऱ्या आईला दुसऱ्या हाताचा आधार दिला आणि आजीच्या हाती कागदपत्रांची पिशवी देऊन पर्वतीची वाट धरली. जाताना पोरांना म्हणाले, “तुम्हीही आधी आपापली माणसं वर पोहोचवा. ज्याचं घर सुखरूप, त्यानं यावं. घर पाण्यात सोडून आलेला माणूस दुसऱ्याच्या घरात काम करील; पण त्याचं डोकं तिथं नसेल.”

सगळ्यांना पर्वतीवर बसवून ते खाली उतरले. आमचा वाडा त्या दिवशी पडला. पुढचे कित्येक दिवस अर्धे पुणे चिखल उपसत होते. वीज नव्हती आणि शहराला पाणी देणारे धरणच फुटल्यामुळे नळही कोरडे. जुन्या विहिरींवर रांगा लागल्या. अशा वेळी उत्साहाला तोटा नसतो, तोटा असतो तो शिस्तीचा. पहिल्या दिवशी पोरे बारा-बारा तास राबली आणि दुसऱ्या दिवशी निम्मी तापाने पडली. तेव्हा अण्णांनी मैदानावरची युक्ती काढली. नऊ-नऊ जणांच्या टोळ्या केल्या. दोन तास घमेली उचलायची, मग पुढच्या टोळीतल्या गड्याच्या पाठीवर थाप मारायची, ‘खो’ म्हणायचे आणि सावलीत जाऊन बसायचे. नाही बसला, तर दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही. आई म्हणते, चिखलात बरबटलेल्या त्या पेठेत दर दोन तासांनी ‘खो’ अशी आरोळी उठे आणि घरे गमावलेली माणसेसुद्धा क्षणभर हसत.

दिवसा कचेरी होतीच. गावोगावच्या नातलगांची पत्रे पुण्याला येत होती. पण पत्त्यावरचे वाडेच उरले नव्हते. कोणते बिऱ्हाड कोणत्या शाळेत, कोणत्या देवळात उतरले आहे, याची यादी अण्णांनी एका वहीत केली आणि ती पोस्टमन मंडळींना दिली. ही पोस्टमन मंडळींनी वापरून मळकट केलेली वही मी पाहिली आहे. आणि एवढे सगळे करून रात्री आठाच्या ठोक्याला अण्णा मुलांजवळ हजर असत. ओल्या अंगाने का होईना, मुलांना गोष्ट सांगून झोपवीत.

आता कोणाला वाटेल, आजी मोठी भाग्यवान! पण आजीचे मत इतके सरळ नव्हते. ती फटकळ होती. १९६५ च्या सुमारास एकदा अण्णा मंडळाच्या सामन्यांचे वेळापत्रक मोठ्या तन्मयतेने आखत बसले असता ती म्हणाली, “अहो, साऱ्या गावाला खो देता. मी इथं किती वर्षं उकिडवी बसले आहे, ते दिसतं का?”

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. आजीची शाळा लग्नामुळे आठवीतच सुटली होती, आणि ते शल्य तिच्या मनात होते. अण्णांनी त्यावर भाषण केले नाही, क्षमाही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळातली आपली वेळ तासभर अलीकडे घेतली आणि सात ते नऊ स्वयंपाकघर आपल्या ताब्यात घेतले. त्या काळी नारायण पेठेत पुरुषाने कणीक मळणे ही काही झाकून राहणारी गोष्ट नव्हती. शेजारपाजारी कुजबूज झाली. त्यांच्या स्वतःच्या आईने चार दिवस अबोला धरला. पोळ्यांच्या आकाराविषयी आईचे मत आजही वाईट आहे. पण त्या दोन तासांत आजी कंदिलाजवळ नव्हे, चांगल्या दिव्याखाली बीजगणित करीत असे. १९६६ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ती बाहेरून एस. एस. सी. ला बसली आणि पास झाली. पुढे तिने वीस वर्षे बालवाडी चालवली. त्यातल्या पगाराने मामाच्या इंजिनीअरिंगची फी भरली.

निकालाच्या दिवशी अण्णांनी पेढे वाटले. कोणीतरी म्हणाले, “अण्णा, तुम्ही शिकवलंत हो बायकोला!” अण्णा म्हणाले, “मी कुठला शिकवतो? मी फक्त तिच्या जागेवर बसलो.”

सार्वजनिक कामात पडलेल्या माणसाला एक रोग हमखास जडतो. आपण उठलो की काम बुडेल, असे त्याला वाटू लागते. काम बुडत नाही. पण त्या भीतीने तो खुर्ची सोडत नाही, आणि मग खरोखरच मागे कोणी तयार होत नाही. अण्णा १९७८ साली पन्नाशीचे झाले, तेव्हा मंडळाचे चिटणीस होते. मंडळ भरभराटीत होते. मुलींचा संघ उभा राहिला होता. त्या वर्षीच्या सभेत ते उठले आणि चोवीस वर्षांच्या एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “खो!” सभेला हसू आले. मग कळले, की हे थट्टेत नाही. जुनी मंडळी रागावली. “अहो, पोरगा कच्चा आहे,” म्हणाली. अण्णांनी उत्तर दिले, “पिकेपर्यंत थांबलो, तर तोही माझ्यासारखा गुडघे धरून बसेल. चुकेल, पण धावेल.”

पोरगा चुकलाही. पहिल्याच वर्षी हिशेबात गोंधळ घातला. अण्णा रोज मैदानावर जात, फक्की मारीत, लहान पोरांना बसायला शिकवीत. पण कचेरीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. विचारले तर सांगत, न विचारता बोलत नसत. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाला हे किती जड गेले असेल, ते आम्हालाच ठाऊक. घरी येऊन ते हात चोळीत येरझाऱ्या घालीत आणि आजी म्हणे, “बसा आता. खो दिलाय ना?”

अण्णा २००७ साली गेले. शोकसभा मंडळाच्या मैदानावरच झाली. एक पाहुणे आले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितले, की अण्णांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आजी शेजारच्या बाईंच्या कानात म्हणाली, “हे ऐकलं असतं तर रागावले असते. जागा रिकामी ठेवून उठले, म्हणजे खेळच आला नाही म्हणायचा!”

तिचे बरोबर होते. सभा संपली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. १९७८ चा तो ‘कच्चा पोरगा’ आता त्रेपन्न वर्षांचा. त्याने खिशातून शिट्टी काढून एका तरुण मुलीच्या हातात दिली. तिने सतरंज्या उचलायला लावल्या, फक्कीचे घमेले मागवले आणि पोरांना रांगेत बसवले.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. मातीतला खेळ गादीवर गेला, दिव्यांच्या झगमगाटात गेला. आम्ही सारे घरी तो पाहत होतो. आई मात्र विजेत्यांकडे पाहत नव्हती. पाठलाग करणारी मुलगी वाऱ्यासारखी येई, खो देई आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खाली बसलेली असे. आई दर वेळी हळूच म्हणे, “बसली! बघ, बसली!”