आधी कान तपासा, मग दप्तर घ्या

डाउन सिंड्रोम असलेलं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की घरात चर्चा सुरू होते. गावातल्या शाळेत घालायचं का? तिथे याला जमेल का? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या चर्चेला अंतराचीही बाजू असते. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळा बहुतेक शहरांत. डोळखांबच्या किंवा टोकावडेच्या पलीकडच्या पाड्यावरून मुलाची रोज कल्याण-ठाण्याला ने-आण करणं, मजुरीवर जाणाऱ्या आईबापांना परवडणारं नाही. मग गावची जिल्हा परिषद शाळा हीच त्या मुलाची शाळा. तिथे ते रमू शकतं आणि शिकूही शकतं, फक्त तयारी नीट व्हायला हवी. ती तयारी सुरू होते मुलाच्या कानांपासून.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत एक जादा गुणसूत्र येतं आणि संख्या ४७ होते. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं. तिचं कारण १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पँ यांनी दाखवून दिलं. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे असं एक मूल जन्माला येतं. बहुतेक वेळा ही गडबड बीजपेशी तयार होतानाच झालेली असते. आईने ग्रहण पाळलं नाही, काही वावगं खाल्लं, कुणाची नजर लागली, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं. पण एकूण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होत असल्याने अशी कितीतरी मुलं तरुण आयांच्या पोटीही जन्मतात. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या आईच्या मनावरचं हे ओझं आधी उतरायला हवं.

ऐकू येतं, पण किती?

या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी तुंबते, पडद्यामागे चिकट द्रव साचतो. मूल ठार बहिरं होत नाही, कमी ऐकतं. आणि तेही एखाद्या आठवड्यात बरं, तर सर्दी झाली की आणखी कमी. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ असे हलके ध्वनी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. टाळी वाजवल्यावर मूल वळून बघतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण टाळीचा आवाज मोठा असतो, शब्द बारीक असतो. बाई वर्गात काही सांगतात, मूल बघत राहतं आणि त्याच्यावर ‘याला समजत नाही’ असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात त्याच्या कानावर अर्धंच पडलेलं असतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी आणि पडद्याची हालचाल मोजणारी साधी, न दुखणारी चाचणी यातून हे कळतं. पुष्कळदा त्यावर इलाजही असतो.

डोळ्यांचंही तेच. अनेकांना चष्मा लागतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जवळचं स्पष्ट दिसायला अडचण येते. पेन्सिलीची फिकट रेघ त्यांना दिसत नाही, जाड काळ्या पेनाने काढलेली दिसते. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. थायरॉइड मंद पडण्याचं प्रमाणही जास्त. ते लक्षात आलं नाही तर मूल सुस्तावतं आणि दोष बुद्धीला दिला जातो.

या तपासण्यांची वाट आपल्याच भागातून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासावीत, अशी रचना आहे. शोधायच्या जन्मजात दोषांच्या यादीत डाउन सिंड्रोमचं नाव आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पथक अंगणवाडीत येईल तेव्हा पालकांनी चार गोष्टी नाव घेऊन विचाराव्यात: कान, डोळे, हृदय, थायरॉइड.

डोळ्यांनी शिकणारं मूल

समजा, कान बरे झाले. तरी एक अडचण उरते. क्रिस्टोफर जॅरल्ड आणि ॲलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की ऐकलेलं तेवढ्यापुरतं मनात धरून ठेवण्याची या मुलांची क्षमता विशेष कमी असते. त्यामानाने पाहिलेलं त्यांच्या लक्षात चांगलं राहतं. ‘पाटी काढा, कालचं चित्र पुसा आणि रांगेत बसा’ ही सूचना संपेपर्यंत तिचं पहिलं टोक मुलाच्या हातून निसटलेलं असतं. मूल हट्टी म्हणून बसून राहिलेलं नसतं. पुढे काय करायचं ते त्याच्यापाशी उरलेलंच नसतं.

यावरची वाट १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या पोर्टस्मथमध्ये सापडली. लेस्ली डफन या वडिलांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला लहानपणीच शब्दांची कार्डं दाखवून वाचायला शिकवलं होतं. मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी तो धागा पकडून संशोधन उभं केलं. त्यातून कळलं, की यातल्या अनेक मुलांना नीट बोलता येण्याआधी शब्द ओळखता येतात, आणि वाचनामुळे त्यांचं बोलणं सुधारतं. बोललेला शब्द हवेत विरतो. लिहिलेला समोर थांबून राहतो.

हे घरी करायला पैसे लागत नाहीत. जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापा, त्यावर जाड अक्षरात ‘आई’, ‘भाकरी’, ‘बकरी’ लिहा. प्रत्येक शब्दाची दोन कार्डं. आधी सारख्याला सारखं जुळवायचं. मग ‘बकरी दे’ म्हटल्यावर त्यातून निवडायचं. शेवटी कार्ड दाखवून शब्द वदवून घ्यायचा. उच्चार तोतरा असला तरी चालेल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि मूल कंटाळण्याआधी थांबायचं. मग ‘आई ये’, ‘भाकरी दे’ अशी जोडकार्डं. बाराखडी नंतर.

घरात ठाकरी, कातकरी किंवा कुणबी बोली बोलली जाते आणि शाळेत पुस्तकी मराठी, म्हणून घरची बोली सोडण्याचं कारण नाही. दोन भाषांत वाढणारी डाउन सिंड्रोमची मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांच्या मागे पडत नाहीत, हे कॅनडातल्या अभ्यासात दिसलं आहे. आजीने तिच्या बोलीतच बोलावं, भरपूर बोलावं.

हातांची तयारीही घरच्याच कामांतून होते. या मुलांचे स्नायू सैल, बोटं आखूड असतात, पेन्सिल लवकर निसटते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचताना, वालाच्या शेंगा सोलताना, पिठाचा गोळा मळताना बोटांना जो व्यायाम होतो, तो पेन्सिलीला लागतोच. शिवाय हातपंपावर हात धुणं, खिचडीचं ताट स्वतः धरणं आणि शौचाला जायचं हे खुणेने का होईना सांगणं, हे जूनच्या आधी जमलं तर मुलाचा पहिला महिना पुष्कळ सोपा जातो.

शाळेचीही तयारी

जिल्हा परिषद शाळांत २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. पहिलीत येणारी मुलं सात टेबलांवर फिरतात. उड्या मारतात, चित्रं ओळखतात, वस्तू मोजतात. इथे या मुलाला तोंडी प्रश्नाऐवजी वस्तू हातात देऊन विचारावं, आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा आकडे होईपर्यंत थांबावं. त्याच दिवशी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची गाठ घालून दिली तर जूनची आखणी तिथेच होते.

वर्गातले बदल छोटे आहेत. पुढच्या ओळीत, बाईंचं तोंड दिसेल अशी जागा. एका वेळी एकच सूचना, सोबत हाताची खूण. दिवसाच्या क्रमाची चित्रपट्टी भिंतीवर: प्रार्थना, पाटी, खिचडी, खेळ, घर. आणि एक खबरदारी: काही मुलांच्या मानेचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. मान दुखते म्हटलं, चाल बदलली किंवा हातातली ताकद कमी झाली, तर लगेच दवाखाना.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलाची घडी मात्र दरवर्षी मोडते. जमलेली सवय या मुलांच्या हातून लवकर निसटते आणि पुन्हा बसायला वेळ लागतो. मूल आजीपाशी गावात राहू शकलं तर उत्तम. नाहीतर शब्दांची कार्डं आणि चित्रपट्टी त्याच्याबरोबर भट्टीवर जायला हवी, आणि शिक्षकांनी ती निघण्याआधी बांधून द्यायला हवी.

एवढा खटाटोप कशासाठी? ही मुलं बरोबरीच्या मुलांचं बघून झपाट्याने शिकतात. इंग्लंडमध्ये बकली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत, नेहमीच्या शाळेत शिकलेली किशोरवयीन मुलं विशेष शाळेतल्या मुलांपेक्षा बोलण्यात दोन वर्षांहून अधिक पुढे होती. इकडे मुरबाडच्या फांगणे गावाने २०१६ पासून साठी ओलांडलेल्या आज्यांची शाळा भरवली. शिकण्याला वयाची आणि वेगाची अट नसते, हे या तालुक्याला कुणी नव्याने सांगायला नको.

कायदाही मुलाच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. निवड कुटुंबाची, ‘इथे जमणार नाही’ म्हणून मुलाला परत पाठवण्याचा अधिकार शाळेला नाही.

तुमचं मूल आज तीन वर्षांचं असेल, तर पहिलीपर्यंत तीन वर्षं हाताशी आहेत. कान आणि डोळे या महिन्यात तपासून घ्या, अंगणवाडी एक दिवसही चुकवू नका, आणि पुठ्ठ्याचं पहिलं कार्ड आज रात्रीच कापा.